करदाते कोण? आणि जास्त कर कुणी भरायचा?

(सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)



आजचा विषय ऐकून काहीजणी लगेच रेडिओ बारीक करतील. कर म्हणजे टॅक्स. ते साहेबलोकांचं, शेठलोकांचं. आपला काय संबंध? तेव्हा दहा मिनिटं तरी ऐका, आणि मग बारीक करायचा तर करा.

हा विषय आम्ही घेतला, कारण गेली दोन वर्षं एक वाक्य आपल्याला सारखं ऐकवलं जातंय. एसटीत ऐकवतात, लग्नात शहरातून आलेले पाहुणे ऐकवतात, मोबाइलवर तर रोजच येतं. "आम्ही टॅक्स भरायचा आणि तुम्ही बायकांनी बसून खायचं." लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये २०२४ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून तर हे फारच वाढलं. ती योजना बरी की वाईट, यावर गटागटांत दोन मतं आहेत आणि ती राहू देत. आज आम्हाला त्या वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागाबद्दल बोलायचं आहे. टॅक्स भरतं कोण? आणि ज्यांच्याकडे खूप आहे, त्यांनी जास्त भरावा की नाही?

आधी पहिलं. समजा तुम्ही मोबाइलवर २९९ रुपयांचं रिचार्ज मारलं. त्यातले साधारण ४५ रुपये सरकारचे, कारण मोबाइलच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो त्या २९९ मध्येच धरलेला असतो. तुम्हाला कुणी पावती फाडून दिली नाही म्हणून तुम्ही कर भरला नाही असं होत नाही. चहाची पुडी, साखर, गोडेतेल यांवर ५ टक्के. आंघोळीचा साबण, खोबरेल, दात घासायची पेस्ट यांवर आधी १८ टक्के होते, ते सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आले, हे चांगलं झालं. सुट्या ज्वारीवर, भाजीवर, दुधावर जीएसटी नाही. पेट्रोल-डिझेल तर जीएसटीच्या बाहेरच आहे. त्यावर केंद्र सरकार वेगळा कर घेतं आणि राज्य सरकार वेगळा, आणि तो तुमच्या वडापच्या भाड्यात, टोमॅटोच्या क्रेटच्या वाहतुकीत, ट्रॅक्टरच्या नांगरटीच्या दरात येऊन बसतो.

जाता जाता एक गोष्ट. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कुंकू, टिकली, काचेच्या बांगड्या यांवर कर शून्य होता आणि पाळीच्या पॅडवर १२ टक्के. म्हणजे नटण्याची गरज सरकारला कळली, पाळीची कळली नाही. देशभरातल्या बायकांनी वर्षभर आवाज उठवला आणि जुलै २०१८ मध्ये तो कर काढून टाकावा लागला. कराचे दर माणसंच ठरवतात आणि ओरडल्यावर बदलतात, एवढं यातून धरून ठेवा.

आता एक हिशेब मांडू. गटाच्या वहीत मांडतो तसाच, आकडे समजा म्हणून घ्यायचे. एका घरात महिन्याला दहा हजार येतात आणि दहाचे दहा खर्च होतात. त्यातल्या निम्म्या गोष्टींवर कर नाही असं धरू. उरलेल्या पाच हजारांत मिळून पाचशे रुपये कर गेला. म्हणजे घरात आलेल्या शंभर रुपयांतले पाच रुपये. दुसऱ्या घरात महिन्याला दहा लाख येतात. किती खाल्लं, किती हिंडले, तरी समजा दोन लाख खर्च झाले आणि त्यावर वीस हजार कर गेला. हे वीस हजार आपल्या पाचशेच्या चाळीस पट आहेत, ऐकायला मोठे वाटतात. पण त्यांच्या शंभर रुपयांतले ते दोनच रुपये झाले. उरलेले आठ लाख बँकेत, जमिनीत, शेअरमध्ये गेले, त्यावर खरेदीचा कर लागलाच नाही. आपल्याकडे शिल्लकच राहत नाही, म्हणून आपली सगळी कमाई कराच्या जात्यातून जाते.

कुणी म्हणेल, पण दहा लाखवाले आयकर पण भरतात ना? भरतात. खोटं कशाला बोलायचं. पगार मोठा असेल तर सगळ्यात वरच्या भागावर शंभराला तीस आयकर लागतो, त्यावर आणखी अधिभार. आपल्याला तो लागत नाही. नव्या पद्धतीत वर्षाला बारा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या सामान्य पगारदारालाही आता आयकर भरावा लागत नाही. पण त्यातही मेख आहे. घाम गाळून किंवा खुर्चीत बसून पगार मिळवला तर वरचा दर ३० टक्के. आणि शेअर बाजारात पैसे ठेवून, वर्षभर थांबून, विकून नफा काढला तर साडेबारा टक्के, तोही पहिले सव्वा लाख सोडून. विकलेच नाहीत, नुसते वाढत ठेवले, तर त्या वाढीवर काहीच नाही. खरे धनवान पगारावर जगत नाहीत. त्यांची संपत्ती शेअरमध्ये असते आणि बसल्या जागी फुगत असते. म्हणून "श्रीमंतांवर कर" म्हटलं की डोळ्यांसमोर बँकेतला साहेब किंवा हायस्कूलचे सर आणू नका. ते जे काही भरायचं ते भरतात, पगारातून परस्पर कापूनच जातं. आम्ही त्याहून फार वरच्यांबद्दल बोलतोय.

आता आपल्या घरची गोष्ट. वयाने मोठ्या आहेत त्यांना ७२ चा दुष्काळ आठवत असेल. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचं डोकं त्यामागे होतं. त्यांच्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात विसापूरच्या भागात तिचा छोटा प्रयोग आधी झाला होता. पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. खेड्यातल्या ज्या कुणा प्रौढ माणसाला अंगमेहनतीचं काम हवं, त्याने मागायचं आणि सरकारने पंधरा दिवसांत द्यायचं. नाही दिलं तर भत्ता. बाईला आणि पुरुषाला एकाच मापाने मजुरी.

हे सगळं आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते पुढचं. यासाठी पैसा आणला कुठून?

त्यासाठी नवे कर बसवले. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला, ज्याला प्रोफेशन टॅक्स म्हणतात. नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्याकडून तो घ्यायचा. मोटारगाड्यांच्या करावर भर घातली. विक्रीकरावर अधिभार लावला. मुंबईतल्या दुकानांच्या, कचेऱ्यांच्या इमारतींवर कर बसवला. आणि खेड्यातल्या बागायतदारांनाही सोडलं नाही. पाण्याखालच्या जमिनीवर खास आकारणी बसवली, शेतसाऱ्यावर वाढ केली. यातून जेवढे पैसे जमतील तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं. म्हणजे मुंबईतला साहेब, पुण्यातला वकील, नाशिकचा व्यापारी आणि उसाचा बागायतदार यांच्या पैशातून आटपाडीच्या, माणच्या, आष्टीच्या माळावरच्या बाईला काम मिळालं. तिने पाझर तलाव बांधले, नाल्यांना बांध घातले, रस्त्यांवर मुरूम टाकला. बसून कुणी खाल्लं नाही.

शहराने हे का मान्य केलं असेल? नुसत्या दयेपोटी नसावं, असं आमचं मत. दुष्काळात गावंच्या गावं उठून मुंबईला जातात, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. गावात काम मिळालं तर फुटपाथवर गर्दी कमी, हा त्यांचाही फायदा. आणि बांधबंदिस्तीने कुणाच्या विहिरीला पाणी आलं? ज्याच्याकडे विहीर होती त्याच्या. खडी फोडणारीला मजुरी मिळाली, जमीनवाल्याला पाणी मिळालं. तेव्हा कर भरणाऱ्यांचं नुसतं गेलंच असं नाही, पुष्कळ त्यांच्याकडे परतही आलं. योजनेत घाण नव्हती असंही नाही. हजेरीपटावर खोटी नावं लागली, मजुरी महिना महिना थकली, मापात मारलं गेलं. तरीही देशाचा २००५ चा रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा पुढे ठेवायला महाराष्ट्राचंच उदाहरण होतं.

आता त्या व्यवसाय कराकडे जरा जवळून बघू, कारण आजच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या पोटात आहे. आपल्या गावातला एखादा मुलगा शहरात वॉचमन आहे. महिना अकरा हजार पगार. त्याच्या पगारातून महिन्याला २०० रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले अडीच हजार. त्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, महिन्याला दहा लाख घेणाऱ्या साहेबांकडून किती कापतात? तेही वर्षाला अडीच हजार. दहा कोटी घेणाऱ्याकडून? अडीच हजार. दहा हजारांच्या वर पगार गेला की पुरुषमाणसाला पुढे एकच दर, वर कितीही जा. वॉचमनच्या शंभर रुपयांतून जवळजवळ दोन रुपये गेले, दहा लाखवाल्याच्या शंभर रुपयांतून दोन पैसे.

असं का? कुणा कारकुनाची ही चूक नाही. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमातच मर्यादा घातलेली आहे की एका माणसाकडून वर्षाला ठरावीक रकमेपेक्षा जास्त व्यवसाय कर घेता येणार नाही. आधी ती २५० रुपये होती. १९८८ मध्ये घटनादुरुस्ती करून २,५०० केली. तिथेच गाडी थांबली. १९८८ मध्ये सोनं तोळ्याला तीन हजारांच्या आसपास होतं, म्हणजे अडीच हजार म्हणजे पाऊण तोळ्याच्या वर. आज सोनं लाखाच्या पलीकडे आहे. अडीच हजारांत धड नाकातली चमकी येत नाही. चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १२ हजारांवर न्यावी असं सुचवलं होतं. नेली नाही. आमचं म्हणणं, नुसती मर्यादा वाढवूनही भागणार नाही, कारण मग वॉचमनचेही बारा हजार कापतील. वरच्यांचा वाढवा आणि खालच्यांचा माफ करा, अशी पायरी हवी. बायकांसाठी निम्मं काम झालंय. एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात ज्या बाईचा पगार महिना २५ हजारांपर्यंत आहे तिला व्यवसाय कर नाही. तुमची लेक, सून कुठे कंपनीत, दवाखान्यात, दुकानात नोकरीला असेल आणि पगार त्या आत असेल, तर तिला पगाराची चिठ्ठी बघायला सांगा. "पी.टी." म्हणून काही कापलेलं असेल तर विचारायला सांगा.

बरं, मग श्रीमंतांवर सरळ मोठा कर लावावा, झालं, असं आम्ही म्हणत नाही. कारण आपल्या देशाने ते एकदा करून पाहिलंय, आणि करणारे आपलेच होते. यशवंतराव चव्हाण देशाचे अर्थमंत्री असताना १९७३-७४ मध्ये आयकराचा सगळ्यात वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्क्यांवर होता. वर्षाला दोन लाखांच्या वर जे कमवाल, त्या वरच्या प्रत्येक शंभरातले पावणेअठ्ठ्याण्णव सरकारला. हातात राहायचे सव्वादोन रुपये. एवढा दर लावल्यावर कोण खरं उत्पन्न सांगेल? लोकांनी दोन वह्या ठेवल्या, पैसा काळा झाला. वांछू समितीने १९७१ मध्येच सांगितलं होतं की हे दर खाली आणा, चोरीला यानेच खतपाणी मिळतंय. पुढच्याच वर्षी खुद्द यशवंतरावांनी तो दर ७७ टक्क्यांवर आणला.

मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरचा करही होता. १९५३ मध्ये आला, तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, आपल्या रायगडचे. मोठा माणूस वारला की त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेचा वाटा सरकारला. विचार वाईट नव्हता. ज्याने स्वतः काही केलं नाही, नुसता त्या घरात जन्मला, त्याला मिळणाऱ्यातून थोडं काढायचं. पण दर अवाच्या सवा, सवलती शंभर, किंमत ठरवण्यावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या. बड्यांनी जिवंतपणीच विश्वस्त निधी काढून, मुलानातवंडांच्या नावे करून मालमत्ता हलवली. १९८५ मध्ये तो रद्द केला तेव्हा वर्षाला जेमतेम वीस कोटी रुपये जमत होते.

तिसरा संपत्ती कर. १९५७ मध्ये आला, २०१५ च्या अंदाजपत्रकात गेला. शेवटी शेवटी तो वर्षाला हजार कोटींच्या आसपास गोळा होत होता, एवढ्या मोठ्या देशाला ते काहीच नाही. का होत नव्हता जास्त? कारण तो सोन्यावर, गाडीवर, शहरातल्या मोकळ्या जागेवर होता आणि शेअरवर नव्हता. म्हणजे डेअरीतल्या दुधाचं माप घ्यायचं आणि तूप मोजायचंच नाही. मग सांगायचं की बघा, फार काही निघत नाही, बंद करा.

हे तीन दाखले लोक आपल्या तोंडावर फेकतात. म्हणतात, श्रीमंतांवर कर लावून बघितला, जमला नाही. आम्हाला ते पटत नाही. एकात दर एवढा चढवला की लपवणंच फायद्याचं झालं. दुसऱ्यात पळवाटा ठेवल्या. तिसऱ्यात खरी संपत्ती सोडून दिली. रॉकेलच्या चिमणीने घर पेटलं म्हणून कुणी अंधारात राहत नाही. दर माफक ठेवा, पण सूट कुणाला नको, आणि शेअरचं धन हिशेबात धरा. आज तर सरकारला सगळ्यांचे व्यवहार आधार-पॅनला जोडलेले दिसतात. गटाचं खातं काढताना आपल्याकडून किती कागद घेतले, आठवतंय ना? आपल्या दहा हजारांच्या बचतीची ओळख पटवता येते, तर कोट्यवधींच्या शेअरची का नाही येणार?

दुसरा धाक घालतात तो असा की जास्त कर लावला तर मोठे लोक देश सोडून जातील, कारखाने जातील. यात थोडं तथ्य आहे. काही जातात. पण कर कमी केला की कारखाने आपोआप येतात, हेही कुठे लिहून ठेवलेलं नाही. २० सप्टेंबर २०१९ ला गोव्यात जीएसटी परिषदेची बैठक होती, त्या दिवशी केंद्राने कंपन्यांवरचा कर ३० टक्क्यांवरून २२ वर आणल्याचं जाहीर केलं, नव्या कारखान्यांना १५. सरकारनेच सांगितलं की यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडावं लागेल. पुढे असं झालं की २०२३-२४ मध्ये कंपन्यांच्या करापेक्षा माणसांनी भरलेला आयकर जास्त जमला. आणि २०२३ मध्ये वर्षाला पाच कोटींच्या वर कमावणाऱ्यांचाही अधिभार कमी केला, त्यांचा एकूण दर नव्या पद्धतीत ४२.७४ टक्क्यांवरून ३९ वर आला. हे कमी केलं तेव्हा "करदात्यांच्या पैशाची उधळपट्टी" असं एसटीत बोलताना आम्ही कुणाला ऐकलं नाही. दीड हजारांना मात्र सगळ्यांची जीभ लांब.

आता थोडं कडू. श्रीमंत फक्त मुंबईत नसतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, आणि तीन-चार एकर कोरडवाहूवाल्याला तो नसलाच पाहिजे. त्याच्या हातात आयकराइतकं उरतंच कुठे? पण पंचवीस एकर द्राक्षबाग, शीतगृह, दोन टेम्पो आणि शहरात दोन फ्लॅट असलेल्याचं काय? आणि ज्यांनी कधी मातीत हात घातला नाही, पण सातबारा काढून ठेवलाय आणि धंद्याचं उत्पन्न शेतीचं म्हणून दाखवतात, त्यांचं काय? आमच्या बैठकीत यावरून चांगलीच जुंपली. एक ताई म्हणाल्या, आज मोठ्या शेतकऱ्याला लावतील, उद्या आपल्याला. ही भीती खोटी नाही. पण रोजगार हमीसाठी खास आकारणी बसवली होती ती बागायतीवर, कोरडवाहूवर नाही. रेष ओढता येते. ती कुठे ओढायची यावर भांडू, पण ओढूच नये हे आम्हाला मान्य नाही.

एवढं सगळं दिल्ली-मुंबईचं. आपल्या हातात काय? एक कर आहे जो आपल्या डोळ्यांसमोर ठरतो आणि ज्यावर आपण उद्याच्या उद्या बोलू शकतो. घरपट्टी. ग्रामपंचायतीत "नमुना ८" नावाची नोंदवही असते, कर आकारणीची. गावातलं प्रत्येक घर, त्याची लांबीरुंदी, बांधकाम कसलं, वापर कशासाठी, कर किती, हे त्यात लिहिलेलं असतं. "नमुना ९" मध्ये कुणाकडे किती मागणी आणि किती वसुली, ते. नियमाने आरसीसीच्या घराला दर जास्त, मातीच्या घराला कमी. राहायच्या जागेपेक्षा धंद्याच्या जागेला जास्त. म्हणजे ज्याच्याकडे जास्त त्याने जास्त द्यायचं, हे तत्त्व आपल्या गावच्या वहीत आधीच आहे. ते पाळलं जातंय का, हे बघायचं.

बघताना कुठे नजर टाकाल? दोन मजली बंगला वहीत अजून जुनं पत्र्याचं घर म्हणून तर राहिला नाही ना. रस्त्यावरचं मंगल कार्यालय, गोदाम, पेट्रोल पंप, कुणाच्या शेतातला मोबाइल टॉवर नोंदीत आहे का. थकबाकीच्या यादीत वर कोण आहे. पुष्कळ गावांत असं दिसतं की विधवा बाईची तीनशे रुपयांची पट्टी वेळेवर भरलेली असते, कारण तिला दाखला हवा असतो आणि बाकी असेल तर दाखला अडवतात. आणि ज्यांना दाखल्यासाठी रांगेत उभं राहावं लागत नाही, त्यांची वर्षानुवर्षं बाकी. हेही लक्षात असू द्या की ग्रामपंचायत सदस्याला कराचं बिल दिल्यावर तीन महिन्यांत त्याने ते भरलं नाही, तर त्याचं सदस्यपद जाऊ शकतं. ग्रामपंचायतीच्या कायद्यात ते कलम १४ मध्ये लिहिलंय.

आणि पावतीवर नाव कुणाचं, तेही बघा. पट्टी भरली शेळी विकून तुम्ही, पावतीवर नाव सासऱ्यांचं, तेही वारलेले. घर दोघांच्या नावावर लावायचा अर्ज ग्रामपंचायतीत देता येतो. त्यासाठी नवऱ्याची संमती लागते, ती मिळवायला काही ठिकाणी महिने लागतात, हे आम्हाला माहीत आहे. तरी अर्ज लिहून तयार ठेवा. पाहुण्याने पुढच्या लग्नात "आम्ही टॅक्स भरतो" म्हटलं, तर पर्समधून स्वतःच्या नावाची पावती काढायला बरं पडतं.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. तिथे हा विषय मांडा. एकटीने नको, गटातून पाचजणी चला, अर्ज लेखी द्या, त्यात "नमुना ८ आणि नमुना ९ मधील थकबाकीची यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी" एवढं एकच वाक्य लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ग्रामसेवक पोच द्यायला टाळाटाळ करतील, तर अर्ज पोस्टाने रजिस्टर करा आणि ती पावती गटाच्या वहीत चिकटवून ठेवा. ज्या गावांनी यादी वाचून घेतली असेल, त्यांनी पुढच्या गुरुवारच्या आत आम्हाला कळवा. त्या दिवशी त्यांनाच बोलायला बोलावू.